सिबिल बिघडलंय? जुनं मिटवा, मग एफडीवरच्या कार्डाने सावरा

"सिबिल खराब आहे, मला क्रेडिट कार्ड मिळेल का?" असं विचारणाऱ्याला उत्तर सोपं आहे: मिळेल. ठेवीवर म्हणजे एफडीवर कार्ड देणाऱ्या बँका भरपूर आहेत आणि तिथे सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा स्कोअर, फारसं आड येत नाही. अडचण पुढे येते. जुन्या कार्डाचे अठरा हजार थकलेले तसेच पडून असतात, माणूस नवीन कार्ड घेऊन वर्षभर इमानेइतबारे बिलं भरतो, आणि गृहकर्जाला गेला की बँकेचा अधिकारी क्रेडिट अहवालातल्या (तुमच्या कर्जांच्या नोंदवहीतल्या) त्याच जुन्या ओळीवर बोट ठेवतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: अहवाल काढा, चुका दुरुस्त करून घ्या, थकबाकी मिटवा, आणि मगच कार्ड. इथे सगळं त्याच क्रमाने सांगतो.

हे फक्त कर्ज घेणाऱ्यांपुरतंही राहिलेलं नाही. बँक भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनी आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) जाहिरातीतली क्रेडिट हिस्ट्रीची अट नीट वाचावी. कॉलेजात असताना हप्त्यावर घेतलेला मोबाईल आणि बुडवलेले शेवटचे दोन हप्ते रुजू व्हायच्या वेळी डोकं वर काढू शकतात.

पहिली पायरी: चारही अहवाल काढा

भारतात कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल तुम्हाला फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चौघींच्या अधिकृत संकेतस्थळांवर पॅन आणि मोबाईल नंबर देऊन अहवाल मिळतो. पैसे मागणारं पान समोर आलं तर फुकटचा पर्याय त्याच संकेतस्थळावर दुसरीकडे असतो, शोधा. "फ्री स्कोअर" दाखवणाऱ्या इतर अ‍ॅपवरही आकडा दिसतो, पण त्यांचा धंदा कर्ज विकण्याचा असतो. दुसऱ्या दिवसापासून पर्सनल लोनचे फोन सुरू होतात. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती सोडा.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. कधीच कर्ज घेतलं नसेल तर आकड्याऐवजी ‘एनएच’ किंवा उणे एक दिसतं, ते वाईट नव्हे. पण आकड्याकडे आत्ता फार बघू नका. आकडा हा परिणाम आहे, कारणं आतल्या पानांवर आहेत.

प्रत्येक खात्याखाली महिन्यांच्या चौकटी असतात, जास्तीत जास्त छत्तीस महिन्यांच्या. प्रत्येक चौकटीत तो हप्ता किती दिवस थकला ते लिहिलेलं असतं, त्याला डीपीडी म्हणतात. ‘०००’ म्हणजे वेळेवर, ‘०३०’ म्हणजे तीस दिवस उशीर. ‘एक्सएक्सएक्स’ म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलीच नाही. काही बँका दिवसांऐवजी खात्याचा वर्ग लिहितात: ‘एसटीडी’ ठीक, ‘एसयूबी’, ‘डीबीटी’, ‘एलएसएस’ ही बुडीताकडे जाणारी पायरी. पुढे जे काही करायचं आहे त्याचा उद्देश एकच, या चौकटींत सलग ‘०००’ पडत राहणं.

पेन घेऊन बसा आणि या गोष्टींवर खूण करा:

- तुमचं नसलेलं खातं. पॅनचा गैरवापर करून घेतलेली छोटी ऑनलाइन कर्जं बऱ्याचदा इथेच उघडकीला येतात.
- ‘रिटन ऑफ’ आणि ‘सेटल्ड’ असा शेरा (दोन्हींचा अर्थ तिसऱ्या पायरीत).
- ‘ओव्हरड्यू’ म्हणजे थकलेल्या रकमेचा रकाना. न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी न भरल्याने काही शे रुपयांचे काही हजार झालेले असतात आणि मालकाला पत्ताच नसतो.
- फेडून झालेलं, तरी चालू दिसणारं कर्ज. कर्जमाफीत बसलेल्या शेतकऱ्यांनी पीककर्जाच्या खात्यावर शिल्लक शून्य दिसते का, हे मुद्दाम पाहावं.
- ‘गॅरंटर’ म्हणून असलेली खाती.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार छळतो. मेव्हण्याच्या टेम्पोच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली, मेव्हण्याने हप्ते थकवले, आणि भोग जामीनदाराच्या अहवालात. तसंच उलट बाजूने: पतसंस्थेचं सोनेतारण कर्ज वेळेवर फेडलं म्हणजे सिबिल सुधारेल, असं धरून चालू नका. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली येतात, रिझर्व्ह बँकेखाली नाहीत, आणि तिथली परतफेड सहसा या अहवालांपर्यंत पोचत नाही. नागरी सहकारी बँकेचं तसं नाही, तिला माहिती द्यावी लागते.

दुसरी पायरी: चुकीच्या नोंदी

चूक ज्या कंपनीच्या अहवालात असेल तिच्या संकेतस्थळावर ‘डिस्प्यूट’ नोंदवा. फी लागत नाही. कंपनी स्वतः नोंद बदलत नाही, ती संबंधित बँकेला विचारते. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या तक्रार विभागालाही ईमेल टाका आणि पुरावा जोडा: नादेय प्रमाणपत्र (देणं बाकी नाही असं बँकेचं पत्र), शेवटच्या हप्त्याची पावती, खातेउतारा. तुमच्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढलं असेल तर सायबर पोलिसांकडच्या तक्रारीची प्रतही लावा.

तीस दिवसांत निकाल लागला नाही तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई तुम्हाला मिळायला हवी. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार करतानाच त्या नियमाचा उल्लेख करा, कामाला वेग येतो. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. बँकांबरोबर या चार कंपन्याही २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. मदतीसाठीचा क्रमांक १४४४८.

आणि बसस्टॉपवर चिकटवलेल्या "सिबिल खराब? आठ दिवसांत दुरुस्त" या जाहिरातींबद्दल. बरोबर असलेली नोंद कोणीही पुसू शकत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला तुम्ही स्वतः पुरेसे आहात. मधल्या माणसाला दिलेले पाच-दहा हजार थकबाकीत भरा.

तिसरी पायरी: थकलेलं मिटवा

ही पायरी लोकांना नकोशी असते, कारण इथे पैसे जातात. पण हिला वळसा नाही.

छोट्या रकमा आधी उडवा. तीन खात्यांवर थकबाकी असेल आणि त्यातल्या दोन पाच हजारांच्या आत असतील तर त्या याच महिन्यात भरा आणि नादेय प्रमाणपत्र मागून घ्या.

मोठ्या रकमेसाठी बँकेचा फोन येतो: "साहेब, एकसष्ट हजार होतात, वीस हजारांत सेटल करून टाकतो." मोह होतो. पण तडजोड केली की खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत अशी वर्षानुवर्षं दिसणारी नोंद. पुढच्या बँकेला ते रुचत नाही. ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद) आणि ‘सेटल्ड’ यांत कर्ज मिळणं आणि न मिळणं एवढं अंतर असतं.

माझं मत असं. पूर्ण रक्कम उभी करता येत असेल, अगदी सहा-आठ महिन्यांच्या हप्त्यांनी का होईना, तर पूर्ण भरा आणि घासाघीस फक्त दंड आणि व्याजावर करा. ती करताना एक गोष्ट लेखी विचारा: "ही रक्कम भरल्यावर तुम्ही क्रेडिट कंपन्यांना ‘क्लोज्ड’ कळवणार की ‘सेटल्ड’?" उत्तर ईमेलवर येईपर्यंत पैसे पाठवू नका. पूर्ण भरणं खरोखरच आवाक्याबाहेर असेल तर तडजोड करा. वर्षानुवर्षं उघडं पडलेलं ‘रिटन ऑफ’ खातं ‘सेटल्ड’पेक्षा वाईट. नंतर हातात पैसे आले तर त्याच बँकेकडे जाऊन तडजोडीत सोडलेली उरलेली रक्कम भरण्याची आणि शेरा बदलून ‘क्लोज्ड’ करण्याची मागणी करता येते. बऱ्याच बँका ती मान्य करतात.

‘रिटन ऑफ’ म्हणजे कर्ज माफ झालं, असा गैरसमज मोठा आहे. बँकेने आपल्या हिशेबाच्या वहीत ते बुडीत धरलं, इतकंच. वसुलीचा हक्क तसाच राहतो, आणि बऱ्याचदा ते कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बुडीत कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला) विकलं जातं. तेव्हा पैसे कोणाला द्यायचे हे आधी मूळ बँकेकडून लेखी घ्या. वसुली एजंटच्या खासगी यूपीआयवर एक रुपयाही पाठवायचा नाही. एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करणं नियमात बसत नाही, हेही ठाऊक असू द्या.

चौथी पायरी: कार्ड कोणतं

थकबाकी मिटवल्या-मिटवल्या साध्या कार्डासाठी चार बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते, आणि महिनाभरात चार चौकशा दिसल्या की हा माणूस पैशाला अडलाय, असा अर्थ निघतो. एकच अर्ज, तोही एफडीवरच्या कार्डाचा.

व्यवस्था साधी आहे. तुम्ही बँकेत एफडी ठेवता, बँक तिच्यावर ताबा नोंदवते, आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड देते. ठेवीवर व्याज मिळत राहतं. कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही. एसबीआय कार्डाचं ‘उन्नती’, आयडीएफसी फर्स्टचं ‘वॉव’ ही या प्रकारातली नावं, पण ज्या बँकेत तुमचं बचत खातं आहे तिथे आधी विचारा. जिचे पैसे पूर्वी बुडवलेत तिच्याकडे मात्र जाऊ नका, तिथे अहवालापेक्षा बँकेची स्वतःची जुनी नोंद आडवी येते.

एफडी पंचवीस हजारांची पुरे. दवाखान्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे यात अडकवू नका. वार्षिक फी नसलेलं कार्ड निवडा, लाउंज आणि रिवॉर्ड पॉइंटच्या गप्पा ऐकू नका. दोन फसव्या वाटा टाळा. एक, प्रीपेड कार्ड: दिसायला सारखंच, पण त्यात कर्ज नाही म्हणून नोंदही नाही. दुसरी, बायकोच्या किंवा भावाच्या कार्डावरचं अ‍ॅड-ऑन कार्ड. बिलाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते, त्यावर स्वतःची पत उभी राहील असा भरवसा ठेवू नका.

एफडी ठेवली म्हणजे बँक सुरक्षित आहे, तुमचा अहवाल नाही. बिल थकवलंत तर बँक एफडी मोडून पैसे वळते करेल आणि उशिराची नोंदही करेल. दोन्हीकडून मार.

पाचवी पायरी: महिन्याचं चक्र

समजा मर्यादा ₹२२,५०० आहे, बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १. पगार १० तारखेला होत असेल तर पहिलं काम म्हणजे बिलाची तारीख पगाराला जुळवून घेणं. नियमाप्रमाणे निदान एकदा ती बदलून मागायचा हक्क तुम्हाला आहे. बिल ५ तारखेला निघालं आणि शेवटची तारीख २५ आली की पगार हातात असताना बिल भरता येतं.

आता खर्च. कार्डावर फक्त ते टाका जे एरवीही होणारच होतं आणि ज्याची रक्कम ठरलेली असते: महावितरणचं बिल, मोबाईलचा रिचार्ज, गॅस सिलिंडर. तीन मिळून अडीच-तीन हजार. यापलीकडे काही नाही. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावं असं सर्वसाधारणपणे सांगतात, म्हणजे आपल्या उदाहरणात ₹६,७५० च्या आत, पण सावरण्याच्या काळात मी दहा-पंधरा टक्क्यांवरच थांबायला सांगेन. पूर्ण मर्यादा वापरून पूर्ण बिल भरलं तरी बिलाच्या दिवशीचा मोठा आकडा अहवालात जाऊ शकतो, आणि मर्यादा छोटी असल्याने एक मिक्सर घेतला तरी टक्केवारी उसळते. कधी मोठा खर्च झालाच तर बिल निघायच्या दोन-तीन दिवस आधीच पैसे भरून टाका. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणाही पूर्वीपेक्षा लवकर दिसते आणि चूकही.

बिल भरण्यासाठी ऑटो-डेबिट लावा. तिथे दोन पर्याय येतात, ‘टोटल अमाऊंट ड्यू’ आणि ‘मिनिमम अमाऊंट ड्यू’. फॉर्मवर दुसरा आधीच निवडलेला असेल तर तो बदला. आणि ऑटो-डेबिट लावलं तरी शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी खात्यात पैसे आहेत का ते पाहा.

मिनिममचं गणित एकदा कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. बिल ₹२०,०००, मिनिमम ₹१,०००. तुम्ही हजार भरले. उरलेल्या ₹१९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ₹६६५. त्यावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ₹१२०. म्हणजे हजारातले ₹७८५ व्याज-करातच गेले आणि देणं कमी झालं ₹२१५ ने. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या दिवसापासून धरतात, म्हणजे आकडा याहून वाईट. शिवाय थकबाकी उरली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वर्षाला हा दर ४२ टक्के होतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा कायदा वाचवायला येणार नाही. मिनिमम भरल्याने उशिराची नोंद टळते हे खरं, पण शिल्लक फुगत जाते आणि सहा महिन्यांत तुम्ही होतात तिथेच येता.

शेवटची तारीख चुकलीच तर हातपाय गाळू नका. तीन दिवसांच्या आत भरलंत तर नियमाप्रमाणे बँकेला उशिराचा दंडही लावता येत नाही आणि क्रेडिट कंपन्यांना थकबाकी कळवताही येत नाही. ही सोय अपघातापुरती. चौथ्या दिवशी भरलंत तर दिवस मूळ तारखेपासून मोजतात.

टाळायच्या गोष्टी थोडक्यात. कार्डावर एटीएममधून रोख काढू नका: काढल्याची फी वेगळी आणि व्याज पहिल्या दिवसापासून. खरेदीचे हप्ते करू नका, ती रक्कम मर्यादा अडवून बसते. रुपे कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण सावरायच्या काळात जोडू नका. वडापाव, भाजी, पानाची टपरी असं सगळं क्यूआरवरून कार्डावर जायला लागलं की महिन्याचा हिशेब हाताबाहेर जातो आणि ते बिल आल्यावरच कळतं. "आत्ता घ्या, नंतर द्या" वाली अ‍ॅप तर बंदच करा. त्यांतली बरीच खाती अहवालात स्वतंत्र कर्ज म्हणून येतात, आणि तीनशे रुपये विसरल्यानेही चौकटीत ‘०३०’ पडतो.

सहावी पायरी: वाट बघणं आणि पुढचं कार्ड

सहा महिन्यांनी पुन्हा चारही अहवाल काढा. चारही कंपन्यांकडे नवं कार्ड दिसतंय ना, चौकटींत ‘०००’ आहे ना, जुनं खातं ‘क्लोज्ड’ झालंय ना, एवढं पाहा. आकडा थोडा हललेला असेल, कधी नसेलही. जुन्या नोंदी निदान सात वर्षं ठेवल्या जातात, तेव्हा जुना डाग लगेच जात नाही. पण कर्ज देणारा अधिकारी अलीकडच्या महिन्यांकडे जास्त लक्ष देतो. अठरा महिने सलग स्वच्छ असलेला अर्ज आणि सहा महिन्यांचा अर्ज यांना वेगळी वागणूक मिळते. गृहकर्जाचा विचार असेल तर दीड वर्ष धरून चाला.

मध्ये बँक मर्यादा वाढवायचा प्रस्ताव पाठवते. तुमच्या संमतीशिवाय ती वाढवता येत नाही. खर्च तेवढाच ठेवण्याची खात्री असेल तर हो म्हणा, वापराची टक्केवारी आपोआप उतरते. नसेल तर नको म्हणा, त्यात कमीपणा नाही.

वर्षभरानंतर त्याच बँकेला विचारा की एफडीविना कार्ड देता का. दिलं तर पहिली दोन बिलं निघून ती अहवालात दिसेपर्यंत एफडीवालं कार्ड बंद करू नका, नाहीतर तुमचा सगळा नवा इतिहास एका बंद खात्यावर राहतो. गृहकर्जाचा अर्ज आत असताना तर कोणतंही कार्ड उघडायचं नाही आणि बंदही करायचं नाही.

एफडीवालं कार्ड बंद करताना सगळी देणी शून्य करा, चालू असलेली ओटीटी वगैरे सदस्यत्वं त्यावरून काढा आणि विनंती लेखी द्या. देणं बाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायला हवं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ₹५०० तुम्हाला मिळायला हवेत. एफडीवरचा ताबा उठला का हे नेट बँकिंगमध्ये पाहा, नादेय प्रमाणपत्र घ्या, आणि महिन्याभराने अहवालात ते खातं ‘क्लोज्ड’, शिल्लक शून्य असं दिसतंय याची खात्री करा. नसेल तर पुन्हा दुसरी पायरी.